विषय: ऐन फायनलच्या रात्री चॅनल गायब, तीन तक्रारी करूनही उत्तर नाही

प्रति,
कस्टमर केअर विभाग

5 एप्रिल 2023

नमस्कार,

मी डोंबिवलीहून लिहितेय. तुमच्या ॲपवर तीन वेळा तक्रार टाकली, तिन्ही वेळा 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे' असा मेसेज आला. कोणी सोडवली, कशी सोडवली, देव जाणे. म्हणून आता सगळं सविस्तर लिहितेय, जरा लांबेल पण वाचा.

आमच्या घरी माझ्या सासूबाई, वय 74, मी आईच म्हणते त्यांना. 2 जानेवारीला टीव्हीवरच्या मास्टरशेफ इंडिया या स्वयंपाकाच्या स्पर्धेचा सातवा सीझन सुरू झाला, सोमवार ते शुक्रवार रात्री नऊला, आणि तेव्हापासून आमच्या घरचं घड्याळच बदललं. साडेआठला पोळ्या, ओटा, भांडी सगळं उरकायचं आणि आई मांडीवर सूप घेऊन लसूण सोलत टीव्हीसमोर. 2010 साली पहिल्या सीझनला लखनौच्या पंकज भदौरिया, शाळेत शिकवणाऱ्या, त्या जिंकल्या होत्या ते आईंना अजून पाठ आहे. पण यावेळी त्यात आपल्या मुंबईच्या सुवर्णा बागुल होत्या, मग काय विचारता! आई त्यांना आयुष्यात कधी भेटलेल्या नाहीत, पण बोलणं असं की जणू सख्खी भाची आहे. "अगं गॅस बारीक कर, करपेल", "झाकण ठेव ना वर", "घाई नको गं, वेळ आहे अजून". मी एकदा सांगितलं की परीक्षकांमधली ती गरिमा अरोरा आहे ना, मिशेलिन स्टार, म्हणजे हॉटेलच्या जेवणाचा जगातला मोठा मान, मिळवणारी पहिली भारतीय बाई, तर म्हणाल्या असेल गं, पण आपल्या सुवर्णाच्या ताटाला नावं ठेवली तर मी ऐकून घेणार नाही.

हसू नका. या बाईने पन्नास वर्षं रोज दोन्ही वेळचा स्वयंपाक केलाय, त्यात मीठ कमी पडलं की घरातल्या सगळ्यांनी सांगितलं, बाकी दिवशी कोणी काही बोललं नाही, आम्हीही त्यातच आलो.

तर आई रोज मार्क द्यायच्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहितो ना आपण, त्याच चौकोनात, 'दूध 1 ली.' आणि खाली 'सु. 8', कधी 'सु. 9'. एकदा 'सु. 6' दिले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच खोडून 7 केले, म्हणे काल माझाच मूड नव्हता.

आता पहिली तक्रार. फेब्रुवारीत ट्रायचे, म्हणजे केबल-टीव्हीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचे, नवे दर आले, चॅनलवाले आणि तुम्ही केबलवाले भांडलात आणि 18 फेब्रुवारीला मास्टरशेफचं चॅनल बंद. तो महाशिवरात्रीचा शनिवार होता, आई उपासाच्या, त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. पण सोमवारी नऊ वाजता टीव्ही लावला तर काळी पट्टी! तुमच्या माणसाला फोन केला तर "मॅडम पूरे इंडिया में बंद है". असेल. पण तुमचं भांडण तुमच्या ऑफिसात, आमच्याकडून महिन्याचे पैसे आधीच घेतलेले, त्यातले या दिवसांचे कापून द्यायला नकोत का? चॅनल परत आलं, पैशांचं नाव नाही. कॅलेंडरवर त्या दिवसांत नुसतं 'दूध 1 ली.' एवढंच आहे, खाली काही नाही.

तरी ते एकवेळ सोडून दिलं असतं. 31 मार्चचं मात्र नाही सोडणार.

सुवर्णाताई फायनलला पोचल्या होत्या, जिंकणाऱ्याला 25 लाख आणि तो सोनेरी कोट. मी 28 तारखेलाच रिचार्ज केलं होतं, पावती सोबत जोडलीय, बघून घ्या. आईंनी त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या, सण नाही वार नाही, म्हणे जिंकली तर तोंड गोड, हरली तर जास्तच गोड पाहिजे. नऊला पाच कमी असताना टीव्ही लावला आणि स्क्रीनवर काय, तर 'हे चॅनल आपल्या पॅकमध्ये समाविष्ट नाही'. बॉक्स बंद करून चालू केला, वायर काढून घातली, कार्ड काढून फुंकर मारून घातलं, सगळं झालं. कस्टमर केअरला मराठीसाठी 3 दाबायला सांगतात, 3 दाबलं, अकरा मिनिटं गाणं ऐकलं आणि मग पलीकडचे भाऊ हिंदीतच बोलले आणि म्हणाले की 72 घंटे में हो जाएगा. अहो 72 तासांत कोट घालून माणूस घरी जाऊन झोपेल!

शेजारी जावं म्हटलं तर त्याच रात्री आयपीएलची पहिली मॅच, गुजरात विरुद्ध चेन्नई, आख्ख्या मजल्यावर धोनी. जोशीकाका म्हणाले वहिनी दहा मिनिटं थांबा, ओव्हर संपू दे. आई दारात उभ्या राहिल्या, दोन ओव्हर झाल्या, मग "राहू दे गं" म्हणून परत आल्या आणि आत जाऊन पोळ्या झाकून ठेवल्या. टीव्हीसमोर लसणाचं सूप तसंच होतं, अर्धं सोललेलं.

सकाळी माझ्या मुलाने मोबाईलवर बातमी वाचून दाखवली, आसामचा नयनज्योती सैकिया जिंकला. त्याच्यावर आईंचा राग नाही, परीक्षक विकास खन्ना त्याच्या वडिलांची समजूत घालायला थेट आसामला गेले होते तो भाग बघताना त्यांनी पदर डोळ्याला लावला होता. त्यांनी एवढंच विचारलं, सुवर्णाने शेवटी काय केलं होतं ताटात? आता हे बातमीत कुठे असतं का.

सोमवारी तुमचा टेक्निशियन आला, मुलगा चांगला होता, त्याने फोनवरून काहीतरी 'रिफ्रेश मारलं' आणि दोन मिनिटांत चॅनल आलं. त्यानेच सांगितलं की नवीन दरांमुळे सिस्टीमने आमचा पॅक आपोआप बदलला. आपोआप म्हणजे? मला मेसेज नाही, फोन नाही, संमती नाही, पैसे मात्र जुन्याच पॅकचे घेतलेत. दोन मिनिटांचं काम शुक्रवारी रात्री नऊला फोनवर झालं नसतं?

तर माझं म्हणणं असं. फेब्रुवारीचे आणि 31 मार्च ते 3 एप्रिलचे पैसे माझ्या खात्यात जमा करा. पॅक कोणी आणि कोणाला विचारून बदलला ते लेखी द्या, मराठीत द्या, कारण ते मी आईंना वाचून दाखवणार आहे. आणि पुन्हा 'तक्रार सोडवली' असा मेसेज पाठवलात तर मी हेच पत्र घेऊन ग्राहक मंचात जाईन, सगळ्या पावत्या ठेवल्यात.

31 मार्चच्या चौकोनात आईंनी 'दूध 1 ली., सु.' एवढं लिहून पुढची जागा रिकामी ठेवलीय. तुमचा कोणी माणूस बोलायला येणार असेल तर आधी फोन करा, आणि रात्री नऊच्या आत या.

आपली ग्राहक,
डोंबिवली पूर्व
(ग्राहक क्रमांक आणि रिचार्जची पावती सोबत)