ताट पाहिले, वार कोण पाहणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबरचा पोषण महिना आला की गरोदर बाईच्या ताटावर व्याख्याने होतात. ती व्हावीतच. पण बाळ सव्वादोन किलोचे झाले की घरात पहिला बोल सुनेलाच लागतो, "नीट खाल्लंच नाहीस." ताट आणि बाळ यांच्यामध्ये एक अख्खा अवयव असतो, त्याचे नाव कोणी घेत नाही. तो म्हणजे वार, डॉक्टरांच्या भाषेत प्लॅसेंटा. (नाळ वेगळी. वारेपासून बाळाच्या बेंबीपर्यंत जाते ती नाळ. बोलण्यात आपण दोन्हींना नाळच म्हणून मोकळे होतो.)

वार आईच्या पोटात वाढते, पण ती आईची नसते. ज्या फलित बीजापासून बाळ होते, त्याच्याच बाहेरच्या थरापासून वार बनते. म्हणजे तिच्यात निम्मी जनुके बापाची. दिवस भरताना तिचे वजन साधारण अर्धा किलो असते, पण तिचे झुबक्यांसारखे अंकुर उलगडून पसरले तर दहा-बारा चौरस मीटर जागा व्यापतील. या अंकुरांभोवती आईचे रक्त मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त खेळते. आतून बाळाचे रक्त वाहते. दोन्ही रक्ते मिसळत नाहीत. साखर उताराने पलीकडे जाते, कारण ती आईच्या रक्तात जास्त आणि बाळाच्या रक्तात कमी असते. अमिनो आम्लांचे उलटे आहे. ती बाळाच्या रक्तात आधीच जास्त असतात, म्हणून वारेला ती चढावर ओढावी लागतात आणि त्यासाठी ऑक्सिजन जाळावा लागतो. वारेत रक्त कमी आले की हा पंप मंदावतो. मग आईने डाळ-अंडी खाऊनही ती बाळापर्यंत पुरेशी पोचत नाहीत.

किती मागायचे, हे ठरवण्यात बाळाच्या जनुकांचाही हात असतो. बहुतेक जनुकांच्या आईकडच्या आणि बापाकडच्या दोन्ही प्रती काम करतात. मोजक्या जनुकांत मात्र एका प्रतीवर रासायनिक ठसा बसलेला असतो आणि ती बंद राहते. वाढीचे आयजीएफ-२ हे जनुक त्यातलेच. बापाकडची प्रत चालू, आईकडची बंद. हे १९९१ मध्ये उंदरांत प्रथम दिसले. उत्क्रांतीचे अभ्यासक डेव्हिड हेग यांनी त्याचा अर्थ मांडला तो असा : बापाची जनुके या बाळासाठी जास्तीत जास्त मागतात, आईची जनुके हात आखडता घेतात, कारण तिला पुढच्या बाळंतपणासाठीही अंगात काही शिल्लक ठेवायचे असते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२३ मध्ये उंदरांच्या वारेतील फक्त संप्रेरके बनवणाऱ्या पेशींत या जनुकाचे काम बिघडवून पाहिले. आईच्या रक्तात पुरेशी साखर आणि स्निग्धांश खेळलाच नाही, पिल्ले खुरटली. म्हणजे वार ही नुसती गाळणी नव्हे. ती आईच्या शरीराला हुकूम सोडते.

उंदरावरून माणसावर उडी नको, हे मान्य. पण माणसातही दाखले आहेत. आयजीएफ-२ जास्त चालले की बाळ आणि जीभ प्रमाणाबाहेर वाढणारा बेकविथ-विडमान विकार होऊ शकतो. ते दबले की बाळ पोटातच बारीक राहणारा सिल्व्हर-रसेल. सगळ्यात बोलका दाखला द्राक्षगर्भाचा आहे. पूर्ण द्राक्षगर्भात सहसा सगळी जनुके बापाचीच असतात, आणि मग बाळ धरतच नाही, नुसती वार द्राक्षाच्या घडासारखी फुगत जाते.

वारेच्या याच हुकमामुळे गरोदरपणाच्या उत्तरार्धात आईच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात आणि साखर बाळासाठी रक्तात उरते. आईच्या स्वादुपिंडाला जास्तीचे इन्सुलिन बनवणे झेपले नाही की तो गरोदरपणातला मधुमेह. आईची साखर वारेतून पलीकडे जाते, इन्सुलिन जात नाही. बाळ स्वतःचे इन्सुलिन वाढवते, अंगावर चरबी चढते आणि जन्मल्यावर काही तासांतच त्याची साखर घसरू शकते. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी होणारी चाचणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत चुकवू नये. उपाशी असण्याची अट नाही. १४० किंवा त्याहून जास्त आकडा आला तर उपचार लागतात. "आमच्यात कुणाला शुगर नाही" हे उत्तर इथे चालत नाही.

आता सोलापूरचे. वारेचा खरा शत्रू रिकामे ताट एकटे नाही. गर्भाशयातील मळसूत्री धमन्या साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत वारेच्या पेशी आत शिरून रुंद करतात. हे काम अर्धवट राहिले की पुढे रक्तदाब चढतो आणि बाळ सुकते. रक्तदाब १४०/९० झाला की थांबायचे नाही, त्याच दिवशी दवाखाना. आधीच्या खेपेला असे झाले असेल तर बारा ते सोळा आठवड्यांच्या दरम्यान डॉक्टरांना कमी मात्रेच्या ॲस्पिरिनबद्दल विचारावे. मनाने गोळी सुरू करू नये. दुसरा शत्रू मिश्री. विडी वळणाऱ्या वस्त्यांत ती सकाळच्या चहाइतकी अंगवळणी पडली आहे. निकोटीन रक्तवाहिन्या आवळते आणि वारेतूनही पलीकडे जाते. दात घासण्यापुरती असो की तंबाखू ओढून असो, रक्ताला फरक कळत नाही. गरोदर बाईला विडीच्या पानांपासून आणि तंबाखूच्या धुळीपासून दूरचे काम देणे हे दोन लाडू वाढण्याइतकेच पोषण आहे, पण मजुरीचा प्रश्न आला की त्यावर कोणी बोलत नाही.

ताटाचे थोडक्यात. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण तिच्यातले फायटेट लोह अडवते. सोबत लिंबू, पेरू, मोड आलेली मटकी हवी. जेवणावर लगेच चहा नको. लोहाची गोळी (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक) चौथ्या महिन्यापासून रोज, किमान १८० दिवस, जेवणानंतर दोन तासांनी. कॅल्शियम दोन वेळा जेवणासोबत. दोन्ही एकदम घेतली तर लोह वाया जाते. काळ्या शौचामुळे घाबरून गोळी सोडू नये. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बाळाच्या आकाराचा संबंध एकूण कॅलरींपेक्षा पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाल्ले याच्याशी जास्त दिसला. "दोघांचं खा" म्हणून भाताचा डोंगर वाढणाऱ्या सासूबाईंनी हे जरूर वाचावे.

बाळ वाढते की नाही, हे टेपनेही कळते. २४ आठवड्यांनंतर ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडापासून गर्भाशयाच्या माथ्यापर्यंतचे सेंटिमीटर साधारण आठवड्यांइतके भरतात. तीन किंवा त्याहून अधिक सेंटिमीटर कमी भरले, किंवा दोन भेटींत आकडा हललाच नाही, तर सोनोग्राफी आणि नाळेची डॉपलर (रक्तप्रवाहाची तपासणी) करून घ्यावी. डॉपलरमध्ये बाळाच्या हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधे नाळेतला रक्तप्रवाह थांबलेला दिसला तर तिथे लाडू-पौष्टिकाचा उपयोग नाही, बाळंतपण कधी करायचे याचा निर्णय लागतो.

एक मागणी शहरातल्या सर्व प्रसूतिगृहांकडे. बाळ अडीच किलोच्या आत असेल तर वार बादलीत टाकण्याआधी तिचे वजन करा. नाळ मुळाशी कापून, पडदे काढून, गुठळ्या पुसून आणि फॉर्मालिनमध्ये टाकण्यापूर्वी. नाळ उशिरा बांधली असेल तर तशी नोंद घ्या, कारण त्याने वजन थोडे कमी भरते. नाळेत तीन वाहिन्या आहेत का आणि वारेत पांढरट, कडक भाग किती, हेही पाहा. बाळ फारच बारीक असेल तर वारेचा तुकडा तपासणीला पाठवा. हा आकडा डिस्चार्ज कार्डावर बाळाच्या वजनाशेजारी लिहा. पाच मिनिटांचे काम आहे, वजनकाटा खोलीतच असतो, आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना काय विचारायचे ते त्या बाईच्या हातात राहील.

आपले,
एक स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एक आहारतज्ज्ञ, सोलापूर