आंटी, तुमची सारण फोटोत आली होती

प्रिय आंटी,

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुमची कोंकणी रोमी लिपीतली, माझं मराठी देवनागरीतलं. तरी लिहितोय. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, आधी एकदा येऊन वाचून दाखवीन आणि अडेल तिथे कोंकणीत सांगेन. चारचौघांत लिहायचं कारण एवढंच, की इगर्जीच्या (चर्चच्या) पुस्तिकेत फोटोंखाली नाव एकट्या माझंच छापलंय.

इगर्जीच्या आतले फोटो हवेत असं फादर म्हणाले, तेव्हा मला ते हातचं काम वाटलं होतं. लग्नं, मुंजी, पालख्या यांत माझी पंधरा वर्षं गेली. पण फ्लॅश मारला की माणसं उजळतात, इगर्ज सपाट होते. जाड चिऱ्याच्या भिंती, खोल खिडक्या, वरच्या खिडक्यांना अजून शिंपल्यांची जुनी तावदानं. त्यांतून उजेड येतो तो दुधात कालवल्यासारखा, बेताचाच. त्यात समोर सोन्याचा मुलामा दिलेला आल्तार, म्हणजे वेदी, आणि दार उघडं असलं तर बाहेर ऑक्टोबरचं ऊन. डोळा इकडून तिकडे फिरताना जुळवून घेत राहतो. कॅमेऱ्याला एका क्लिकमध्ये ते झेपत नाही. खिडकी सांभाळावी तर बाकडी काळीठिक्कर, बाकडी सांभाळावीत तर खिडकीच्या जागी नुसता पांढरा चौकोन.

तुम्ही विचारलं होतंत, "एकूच फोटो पांच वेळां कित्याक काडटा रे?" तेव्हा घाईत मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आता नीट सांगतो. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा. आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) एकदा ठरवले की हात लावायचा नाही. बदलायची ती फक्त शटरची वेळ, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा ते. अॅपर्चर बदललं तर पुढचं-मागचं किती स्पष्ट दिसतं तेच बदलतं आणि फ्रेमा एकमेकींवर बसत नाहीत. तुमच्या इगर्जीत मी १/६०, १/१५, १/४, १ आणि ४ सेकंद अशा पाच फ्रेमा घेतल्या. प्रत्येकीत आधीच्या साधारण चौपट उजेड, म्हणजे पहिलीच्या मानाने शेवटचीत २४० पट. पहिलीत खिडकी आणि सोनं शाबूत, शेवटचीत लाकडी छताच्या कड्या दिसतात. मग संगणकावर जिच्यात जे नीट उतरलंय ते तिच्यातून घेऊन एक चित्र करायचं. यालाच एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज) म्हणतात. युक्ती तशी जुनीच. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे समुद्र एका निगेटिव्हवरून आणि आकाश दुसऱ्या निगेटिव्हवरून छापायचा.

खरी अडचण पुढेच. या पाच फ्रेमांना मिळून सहा-सात सेकंद लागतात, आणि तेवढ्यात जे हललं त्याची चित्रात भुतं होतात. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलमध्ये मी एकदा तोंडघशी पडलो होतो. १५६२ साली सुरू होऊन १६१९ मध्ये पुरी झालेली ती अवाढव्य वास्तू, आणि मी परवानगी न काढता गेलेलो. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉड लावायचा तर ती आधी काढावी लागते. खांबाला टेकून, श्वास धरून काढलेल्या पाच फ्रेमा पाच वेगवेगळ्या इगर्जींच्या वाटत होत्या.

तुमच्याकडे ट्रायपॉडला फादरची परवानगी होती, तरी पहिला दिवस वायाच गेला. पंख्यांची पाती ढगासारखी आली, झुंबर तिप्पट झालं. ट्यूबलाइटचा हिरवट, बल्बचा पिवळा आणि खिडकीचा निळसर असे तीन उजेड एकाच भिंतीवर भांडत होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही बोर्डापाशी गेलात. त्या बोर्डावर एका बटनालाही नाव नाही, पण तुमची बोटं बरोबर त्याच बटनांवर गेली आणि सगळं बंद झालं. मी रिमोटवर बोट ठेवलं, तोच तुम्ही म्हणालात, "पंखो बंद केल्यार झुंबर रोखडेंच रावना रे." खरंच ते हलत होतं, केसभर. मला ते दिसलंच नव्हतं. तुम्ही बाकावर बसून तेर्स म्हणायला लागलात. अर्ध्यावर आल्यावर जपमाळ तशीच हातात धरून मानेनं खूण केलीत. त्या वेळी काढलेल्या पाचही फ्रेमांत झुंबर एकच आहे.

वरच्या माळ्यावर, गायक उभे राहतात तिथे, तर मी तुम्हाला जिन्यातच अडकवून ठेवलं. जुनी लाकडी जमीन, कुणी पाऊल टाकलं की ट्रायपॉडच्या पायापर्यंत हादरा. चार सेकंदांची फ्रेम चालू असताना तुम्ही वर येत होतात. फळी करकरली तशी तिथल्या तिथे थांबलात, एक हात कठड्यावर, दुसऱ्यात माझ्यासाठी आणलेला चहा. क्लिक ऐकू येईपर्यंत तुम्ही हललाच नाहीत. आमचे असिस्टंटसुद्धा इतके शहाणे नसतात. दार अर्धं लोटून घ्यायची कल्पनाही तुमचीच. नाहीतर मधल्या वाटेवर उन्हाचा तो पट्टा कुठल्याच फ्रेमेत आवरत नव्हता.

आणि मग ती सारण, आमच्या मराठीत केरसुणी. घरी रात्रभर बसून मी सगळ्या सावल्या वर ओढल्या. कोपरा न् कोपरा उजळ, दगडाचा कण न् कण टोचणारा, खिडकीभोवती प्रभावळ, सोनं पितळेसारखं. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं होतं. टॅबवर तुम्हाला दाखवलं, तर तुम्ही आल्ताराकडे बघितलंही नाहीत. माळ्याखाली कन्फेशनच्या लाकडी खोक्यामागे बोट नेलंत आणि ओरडलात, "म्हजी सारण!" सारण, बादली, वाळत घातलेलं फडकं, सगळं लख्ख. दोघंही हसत सुटलो. मग तुम्ही साध्या आवाजात म्हणालात, "थंय काळोख आसता न्हय पुता, म्हूण दवरतां." तिथे काळोख असतो ना, म्हणून ठेवते.

त्या रात्री सगळं पुसून पुन्हा बसलो. बराचसा फोटो १/४ आणि १ सेकंदाच्या फ्रेमांवर उभा केला. १/६० ची फक्त खिडक्या आणि सोन्यापुरती वापरली, चार सेकंदांची फक्त छतापुरती, तीही अर्ध्या जोरानं. माळ्याखाली काहीच उचललं नाही. तिथे तुम्ही रोज जेवढा काळोख बघता तेवढाच ठेवला.

फादरना फोटो पसंत पडले. पान सातवर मोठा छापलाय तो माळ्याखालून घेतलेला. उजव्या हाताचा खालचा कोपरा काळाच आहे. सारण तिथेच आहे आणि हे आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. आता हे पत्र वाचणाऱ्यांनाही कळलं, त्याबद्दल माफ करा.

देव बरें करूं, आंटी.

तुमचा,
फोंड्याचा फोटोवाला