पाट पाण्यात ठेवू नकोस

नागपूर, गुरुवार

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

दोन दिवस सलाईन लागली, आणि आम्हाला कळलं ते तू खोलीवर परतल्यावर, तेही तुझ्या रूममेटकडून. त्यावर एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. आईनं सांगितलेली दोन वाक्यंही गाळली. ताप उतरला ना?

भाजी चिरायच्या पाटाचा फोटो चष्मा लावून पाहिला. एक कोपरा उचललाय, कडेला काळे ठिपके आलेत. ती बुरशी आहे. आबांनी दाराच्या चौकटीतून उरलेल्या सागवानाचा हा पाट केला, लाकूड बल्लारशाच्या वखारीतलं. सागाच्या अंगातच तेल असतं, तो सहजी पाणी पीत नाही. पण सिंकमध्ये रात्रभर खरकट्या भांड्यांखाली पडला, तर साग तरी काय करणार? त्यात आपल्या ४५ अंशांत वाळलेलं लाकूड मुंबईच्या दमट हवेत गेलं. ते रेषांच्या आडव्या अंगानं फुगतं, लांबीत जवळपास नाही. एकच बाजू ओली झाली की वाकतं. म्हणून धुताना दोन्ही बाजू धू, लगेच पूस आणि भिंतीला टेकवून उभा ठेव. उन्हात नको, तडकेल.

रात्री जेवतेस ना वेळेवर? खिचडी तरी टाकत जा.

ठिपक्यांवर १२० नंबरचा काचकागद फिरव, मग २२० चा, रेषेच्या दिशेनंच. आडवा घासलास तर चरे पडतील. कांद्या-लसणाच्या वासाला जाडं मीठ आणि अर्धं लिंबू. पूर्ण वाळला की तेल. तेल म्हणजे केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन, बद्धकोष्ठावर देतात ते. भरपूर चोळायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी पुसायचं. शेंगदाण्याचं, सोयाबीनचं लावू नको, खवट वास मारतो. आई म्हणते जवसाचं लाव. ते सुकून घट्ट बसतं खरं, पण त्याला दिवस लागतात, आणि त्या तेलाचं फडकं चुरगळून टाकलं तर आपोआप पेट घेऊ शकतं. तुझ्या खोलीतला पसारा पाहता नकोच.

बघ, भाषण सुरू झालं. सॉरी. तुझा दादा म्हणतो, फेका तो पाट, प्लास्टिकचा घ्या. अमेरिकेतल्या डीन क्लिव्हर नावाच्या शास्त्रज्ञानं १९९० च्या दशकात हेच तपासलं होतं. लाकडात शिरलेले जंतू सहसा वर येत नाहीत, आतच मरतात; सुरीचे चरे पडलेल्या प्लास्टिकमधले मात्र हातानं धुऊन नीट निघत नव्हते. दादाला हे सांगितलं तर तो म्हणे, बाबा, तुम्ही रिटायर झालात. तरी कच्च्या चिकनसाठी दुसरा पाट घेच. काकडी आणि चिकन एकाच पाटावर चिरली नव्हतीस ना? डॉक्टर बाहेरच्या खाण्याचं म्हणाले, ठीक आहे. मी फक्त विचारून राहिलो.

या पाटावर आई सांबारवडीचा सांबार, म्हणजे तुमच्या मुंबईची कोथिंबीर, चिरायची. तुला सुरी द्यायची नाही म्हणून निवडायला बसवायची, आणि तू देठं ताटात ठेवून पानं कचऱ्यात टाकायचीस. आबा म्हणायचे, पोरगी वकील होईल, उलटंच करते सगळं. सुरीच्या टोकानं कोपऱ्यात तू 'सो' कोरलास, त्या दिवशी ते पहिल्यांदा तुझ्यावर ओरडले आणि संध्याकाळी स्वतःच बर्डीवर आईस्क्रीम खायला घेऊन गेले. फोटोत तो 'सो' अजून दिसतो. काचकागद तिथं फिरवू नको.

एकटी ऑटोत बसून दवाखान्यात गेलीस, फॉर्म भरलास, विम्याच्या लोकांशी भांडलीस. आत्याला मी हे फोनवर तीनतीनदा सांगितलं, अगदी छाती काढून. रात्री मात्र झोप नाही. पुढच्या वेळी ताप आला तर आधी फोन, मग ऑटो. मग ऑटो म्हणजे, तू ऑटोतूनच फोन कर.

शनिवारच्या विदर्भ एक्सप्रेसनं येऊ का? आई म्हणते, विचारता कशाला, जा. तिकीट काढलेलं नाही. काचकागद इतवारीतून आणून ठेवलाय, दोन्ही नंबरचे, आणि आईनं जवसाची चटणी कुटली आहे. नको असेल तर कुरिअर करतो. रोज ताप मोजून रात्री नऊला आकडा टाकत जा, नुसता आकडा चालेल.

तुझा,
बाबा