काकी, तू सुकी मासळी खाडीकडे का नेलीस ते मला ठाऊक आहे

प्रिय काकी,

तोंडावर आभार मानायला आले असते तर "गप रव गो" म्हणून तू मला उडवून लावलं असतंस. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. वाचून दाखवायला तुझा नातू आहेच.

केमो संपली, स्कॅन स्वच्छ आला, आता फक्त मुंबईत परळला टाटा हॉस्पिटलात तपासणीला जायचं. माझा हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर. ऐन पंचविशीत गाठणारा, पण वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जण बरे होतात असा. 'वेळेवर' म्हणताना अजून राग येतो. मानेवरची गाठ बघून एका डॉक्टरांनी तुकडा न तपासताच टीबीच्या गोळ्या चालू केल्या होत्या. ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं दोन्हींत सारखंच, मान्य. पण गोळ्या घेऊनही गाठ वाढतेय म्हटल्यावर तरी तपासायची! आणि आमचे नातेवाईक? "कुणाला बोलू नका, उद्या पोरीचं लग्न जमवायचंय." जणू मी कुणाचे दागिने चोरले होते.

दर पंधरा दिवसांनी डोस. कुडाळहून रात्रीची तुतारी एक्स्प्रेस, सकाळी दादर. ते लाल औषध अंगात गेलं की पुढचे काही दिवस वासाचीच दहशत. फोडणी, साबण, आईच्या केसांतलं खोबरेल, कशानेही ढवळायचं. आणि नेमके एप्रिल-मे! १ जूनपासून मासेमारी बंद, म्हणून अख्ख्या वाडीत पावसाची बेगमी चाललेली. गोलमो (बारीक सुकी कोळंबी), पेडवे, खारे बांगडे. तू मासळी सुकत घालायचीस ते तुझं खळं, म्हणजे अंगण, आमच्या खिडकीच्या पश्चिमेला. दुपारी खारा वारा सुटला की सगळा वास घरात. आम्ही तुला अवाक्षर बोललो नव्हतो. तुझ्या पोटावर पाय कसा द्यायचा?

एके सकाळी बघते तर खळं रिकामं, आणि तू टोपली डोक्यावर घेऊन खाडीकडे चाललेली. आपलं तळाशील म्हणजे चिंचोळी पट्टी, इकडे समुद्र, तिकडे खाडी. अंतर फार नाही. पण खळ्यातले कावळे तू पडवीत बसून, भाजी चिरता चिरता हाकायचीस. तिथे जुन्या जाळ्यावर मासळी पसरून, काडी मोडलेली छत्री धरून दिवसभर बसावं लागायचं. आईने विचारलं तर म्हणालीस, "थंय ऊन बरां लागता." काकी, माडांची सावली तर खाडीकडेच जास्त!

नंतरही कधी त्याचा उल्लेख नाही. "आता कसां वाटता?" असंही तू विचारलं नाहीस, आणि ते तर फारच बरं झालं. विचारणारे खूप होते. वाडीतली बाकीची माणसंही तुझ्यासारखीच निघाली. स्टेशनला सोडणारा रिक्षावाला परतीच्या गाडीची वेळ स्वतःच बघून ठेवायचा. कुणीतरी दारात शहाळी ठेवून जायचं, कोण ते अजून कळलेलं नाही. माणुसकी माणुसकी म्हणून भाषणं देणाऱ्यांनी एकदा आपल्या वाडीत येऊन राहावं.

आता वासाचा त्रास राहिलेला नाही. परवा आईने गोलम्याची किसमूर केली, दोनदा वाढून घेतली. तेव्हा यंदा मासळी खळ्यातच घाल. किलोभर गोलमो आमच्या नावाने बाजूला ठेव, आणि पैसे घे. नाहीतर आई भांडायला येईल.

तुझी,
शेजारची चेडू