सरांचं वाद्यांचं कपाट रिकामं पडू नये म्हणून

सस्नेह नमस्कार.

आपल्या हायस्कूलच्या बँडचे सर गेले. बातमी कळल्यापासून माजी विद्यार्थ्यांचे फोन येत आहेत आणि सगळे एकच विचारत आहेत, सरांसाठी काय करायचं? फलक लावावा, सभागृहाला नाव द्यावं, अशा सूचना आल्या, त्याही मनापासून. पण सरांच्या घरच्यांशी बोलून आमच्या मंडळाने ठरवलं आहे की सरांच्या नावाने वाद्यनिधी उभारायचा.

सरावाच्या खोलीतलं ते कपाट बँडमधल्या प्रत्येकाला माहीत आहे. ज्या मुलांना घरून वाद्य मिळणं शक्य नव्हतं, त्यांना सर त्यातून वाद्य द्यायचे. अर्ज नाही, चारचौघांत चौकशी नाही. हे नुसतं पडून खराब होतंय, तू वाजवत राहिलास तर टिकेल, असं म्हणून हातात ठेवायचे. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये याची इतकी काळजी घेणारा माणूस आम्ही दुसरा पाहिला नाही.

आणि दिलेलं वाद्य वाजतं असायचं, ही त्याहून मोठी गोष्ट. क्लॅरिनेटच्या छिद्रांवर छोटी पॅड बसतात. वरच्या भागातलं एखादं पॅड जरी नीट मिटत नसेल, तरी त्याच्या खालचे सगळे स्वर फुटतात नाहीतर निघतच नाहीत. नवशिक्या मुलाला हे कुठून कळणार? त्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. ते आणखी जोरात फुंकतं, ओठ आवळतं आणि शेवटी बँड सोडून देतं. म्हणून स्वर अडला की सर मुलाला काही बोलण्याआधी वाद्य हातात घ्यायचे. कागदाची पातळ पट्टी पॅडखाली सरकवायची, पॅड अलगद मिटायचं आणि पट्टी हळूच ओढून बघायची. सगळ्या बाजूंनी सारखी अडली तर पॅड ठीक, एका बाजूने सैल सुटली तर हवा तिथूनच जाते. दोष वाद्याचा आहे हे कळल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव यायचा, तो आमच्यातल्या कितीतरी जणांनी स्वतः अनुभवला आहे.

आज त्या कपाटातली बरीच वाद्यं दुरुस्तीला आली आहेत. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनची पॅड बदलायची आहेत, सांध्यांवरचं बुचाचं अस्तर नव्याने बसवायचं आहे. ट्रम्पेटचे अडकणारे पिस्टन काही तेलाने सुटतील, काही कारागिराकडेच न्यावे लागतील. ड्रमची पानंही बदलायला हवीत. शिवाय रीडचा, म्हणजे क्लॅरिनेट-सॅक्सोफोनच्या तोंडाशी बसणाऱ्या पातळ पट्टीचा, खर्च कायमचाच. ती बोरूच्या जातीच्या काडीची असते, वापराने झिजते आणि एकमेकांत वापरता येत नाही. निधीतला पैसा या कामांसाठी आणि नव्या वाद्यांसाठीच खर्च होईल. रक्कम लहान असो की मोठी, प्रत्येक देणगीची पावती मिळेल. निधीचं खातं वेगळं राहील आणि वर्षाचा हिशेब सर्वांसमोर मांडला जाईल.

पैशांइतकीच गरज वाद्यांची आहे. तुमच्या माळ्यावर, कपाटामागे पेटीत बंद असलेली बासरी, ट्रॉम्बोन, काहीही असेल तर द्या. मात्र देण्याआधी घरच्या घरी डाग देऊ नका, पोचे ठोकू नका. त्याने कारागिराचं काम वाढतं. आहे तसं आणा आणि काय बिघडलंय ते सांगा.

आणखी एक मागणं. आपल्या बँडमध्ये जी वाद्यं असतील त्यांच्यासाठी सर स्वतः स्वरलिपी उतरवून काढायचे. बासून, म्हणजे खालच्या स्वरांचं लांब लाकडी फुंकवाद्य, वाजवणारं कुणी नसेल, तर त्याचा भाग टेनर सॅक्सोफोनला. हे नुसतं नक्कल करणं नव्हे. कागदावर लिहिलेला सी हा स्वर ट्रम्पेटवर वाजवला की ऐकू येतो बी फ्लॅट, आल्टो सॅक्सोफोनवर ई फ्लॅट. अशा प्रत्येक वाद्यासाठी अख्खी रचना नव्या पट्टीत मांडावी लागते. पेन्सिलीने लिहिलेले ते कागद आपापल्या वह्यांतून गेले आहेत. ते शोधा, आम्ही प्रती काढून मूळ कागद परत देऊ. जुनी ध्वनिमुद्रणं आणि छायाचित्रंही हवी आहेत.

सरांच्या स्मरणार्थ माजी आणि आजी विद्यार्थी मिळून एक कार्यक्रम करणार आहेत. ज्यांना वाजवायचं आहे त्यांनी नाव कळवावं आणि आजपासूनच थोडं थोडं फुंकायला लागावं. वाद्य सुटलं की ओठांची ताकद सगळ्यात आधी जाते आणि ती एका तालमीत परत येत नाही. रोज थोडा वेळ लांब, संथ स्वर धरा. उंच स्वरांची घाई नको.

देणग्या आणि वाद्यं शाळेच्या कार्यालयात, शाळेच्या वेळेत स्वीकारली जातील. वाद्य आणताना पेटीत आपल्या नावाची चिठ्ठी ठेवायला विसरू नका.

आपले,
बँडचे माजी विद्यार्थी आणि पालक