रिकॉलचे काम लेखी हवे

महोदय,
डिसेंबर २०२१मध्ये रॉयल एनफिल्डने क्लासिक ३५०च्या २६,३०० गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या, म्हणजे रिकॉल केल्या. मागे ड्रम ब्रेक असलेल्या या गाड्यांत, खूप जोरात ब्रेक मारल्यास स्विंगआर्मवरच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) ब्रॅकेटला इजा होऊ शकते, असे कंपनीनेच सांगितले. दोष असा उघड सांगितला हे चांगलेच झाले. पण पुढची सारी भिस्त डीलरवर, आणि तिथेच घोडे पेंड खाते. आमच्या शेजारच्या मुलाची गाडी (कंपनी वेगळी) ब्रेकच्या रिकॉलला गेली आणि नुसती धुऊन-पुसून परत आली. कोणता पार्ट बदलला, याचे जॉबकार्डवर (कामाची नोंद करायच्या कागदावर) अवाक्षर नाही. विचारल्यावर काउंटरवरून उत्तर आले, 'झालंय काम, बिनधास्त चालवा.' ब्रेकच्या बाबतीत तोंडी भरवसा कसा चालेल? काढलेला पार्ट ग्राहकाला दाखवावा, नव्याचा नंबर जॉबकार्डवर लिहून खाली मेकॅनिकने सही करावी. जुनी गाडी घेणाऱ्यालाही चेसिस नंबरवरून हे काम झाले की नाही ते डीलरने विनाखळखळ सांगावे. १ एप्रिल २०२१पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू आहेत, कंपनीला एक कोटीपर्यंत दंडाची तरतूदही आहे. परिवहन विभागाने आता डीलरकडची जॉबकार्डेही अचानक जाऊन तपासावीत.

– एक वाचक, सांगली