सही करण्याआधी माणूस पाहा

मा. संपादक, स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आम्ही बारा जणांनी लातूरला एका शिकवणी वर्गाच्या खोलीत जमून एकमेकांच्या जीपीजी किल्ल्यांवर सह्या करायचं ठरवलं. जीपीजी हा ईमेल कूटबद्ध करायचा, म्हणजे ज्याला पाठवला त्यालाच वाचता येईल असा करायचा, संगणक प्रोग्राम; सही म्हणजे ‘ही किल्ली याच माणसाची’ अशी डिजिटल ग्वाही. आधी सूचना पाठवल्या नाहीत, ही चूक माझी. चौघे कागदाविना आले, दोघांनी गुप्त किल्ली (आलेले संदेश उघडणारी, फक्त स्वतःजवळ जपायची) असलेला लॅपटॉप आणला आणि एकाने शेजाऱ्याच्या आधार कार्डाचा फोटो काढला. तो मी तिथेच पुसायला लावला.

सार्वजनिक किल्ली, म्हणजे आपल्याला कूटबद्ध संदेश पाठवता यावेत म्हणून इतरांना द्यायची किल्ली, कुणीही कुणाच्याही नावाने बनवू शकतो. फिल झिमरमन यांनी १९९१ साली पीजीपी हा जीपीजीच्या आधीचा तसाच प्रोग्राम आणला, त्यातून पुढे ही प्रत्यक्ष भेटून खात्री करायची रीत रुजली.

परभणी, नांदेड, बीडकडे कुणी असा मेळावा घेणार असेल, तर आठ दिवस आधी कळवावं: आपल्या किल्लीचा चाळीस अक्षरांचा ठसा (किल्लीची ओळख पटवणारी अक्षर-अंकांची ओळ) घरूनच छापून आणा, सोबत फोटो असलेलं ओळखपत्र आणि पेन. ओळखपत्र फक्त पाहायचं आणि परत द्यायचं, झेरॉक्स नाही. ठसा ज्याचा त्याने स्वतःच्या कागदावरून मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी सगळ्यांच्या ठशांच्या यादीशी चार-चार अक्षरं ताडून खूण करावी. शंका आली तर खूण करूच नये, भिडेखातर तर मुळीच नाही. आपल्याकडे पाहुणा दुखावेल म्हणून माणूस मान डोलावतो, ते इथे चालत नाही.

सही घरी जाऊन करायची आणि सही केलेली किल्ली त्याच व्यक्तीच्या ईमेलवर कूटबद्ध करून पाठवायची. म्हणजे पत्ताही तिचाच आहे, हे कळतं.

आमची पुढची बैठक दिवाळीनंतर आहे. या वेळी सूचना छापून झाल्या आहेत.

एक संगणक शिक्षक, लातूर